दुपारी एकच्या गाडीची तक्रार

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीला टेकलेले. धंदा, कचेरीच्या आवारात टेबल-खुर्ची मांडून लोकांचे अर्ज लिहून देणे. शिक्षण नववी पास. दहावीला बसलो होतो, एवढेच. राहणार कोल्हापूर, शहराच्या टोकाची एक वसाहत, जिथून शहर बसची गाडी वळून माघारी फिरते.

नावे : अर्जदाराचे, सामनेवाल्यांचे किंवा साक्षीदारांचे, कोणाचेच नाव देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच.

दिनांक : नव्वदच्या दशकाची अखेर, पंचगंगेचे पाणी उतरून गेल्यानंतरचा एक मंगळवार. तारीख आठवत नाही असे लिहिले तर ते असत्य ठरेल. आठवते, लिहिण्यास हात धजत नाही.

साक्षीदार : पहिला, आमच्या समोरच्या घरात राहणारा बसचालक. दुसरा, त्याच मार्गावरचा बदली चालक. तिसरे, बससेवेचे वाहतूक अधिकारी. चौथी माझी पत्नी, जिची साक्ष मी आजवर कधीही घेतलेली नाही.

अन्याय झालेली व्यक्ती : आमच्या गल्लीतील एक बाई. सामनेवाला : याचा खुलासा खाली येईल.

अर्जाची सुरुवात कशी करावी हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. त्यामुळे आठवणी लिहायला बसलो तरी हात त्याच वळणाने जातो. सवय आहे, तिच्याबद्दल क्षमा असावी.

कचेरीच्या आवारात त्या काळी आम्ही चार-पाच जण बसत असू. बाकीचे अर्ज लिहीत. मी अर्ज रचत असे. असे मीच म्हणत असे आणि लोक ऐकून घेत. वारसनोंद असो, रेशनकार्डातील नाव असो की नळाचे कनेक्शन असो, माझ्या हातचा कागद टेबलावर गेला म्हणजे साहेब आधी चष्मा पुसून घेतो, अशी माझी समजूत होती. 'उपरोक्त', 'तदनुषंगाने', 'यथोचित' हे शब्द मी जुन्या सरकारी परिपत्रकांतून वेचून पाठ केले होते. शाळा सुटली ती इंग्रजीमुळे. मराठीने मला कधी अडवले नाही, आणि ही गोष्ट समोरच्या माणसाला या ना त्या निमित्ताने सांगितल्यावाचून मला राहवत नसे. वसाहतीत मला 'वकील' म्हणत. त्यात निम्मा मान होता आणि निम्मी थट्टा. मी मान तेवढा उचलत असे.

त्या बाई आमच्यापासून तिसऱ्या दारात राहत. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर होता. माग बंद पडल्यापासून तो घरीच बसून होता. दोन मुली शाळेत जात होत्या. बाईंना शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम मिळाले होते, दुसऱ्या पाळीच्या चपात्या लाटण्याचे. घर त्या चपात्यांवर चालले होते. वसाहतीतून दुपारी एकची गाडी धरली की शहरात उतरून शिरोलीची दुसरी गाडी सापडे आणि पाळीच्या आधी कणीक भिजवायला त्या हजर होत. एकची चुकली की सगळे चुकले, कारण पुढची गाडी फार उशिरा होती.

आणि एकची चुकत होती. बाईंकडून नव्हे, गाडीच येत नव्हती. आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी थांब्यावर माणसे उन्हात ताटकळत राहत, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून डेपोला फोन लावला की उत्तर येई, "ड्रायव्हर आला न्हाई. बदली दुसऱ्या रूटवर गेलाय." बदली म्हणजे राखीव चालक. त्याने डेपोतल्या बाकड्यावर बसून राहायचे. कोणी आजारी पडला, कोणी नुसताच उगवला नाही, की त्याची गाडी याने काढायची. तीन मार्गांना मिळून बाकड्यावर एकच माणूस ठेवलेला होता. त्यात आमच्याकडे गावोगावच्या जत्रा. जत्रेला घरी पाहुणे बोलावून मटणाचे जेवण घालणे कोणाला चुकत नाही. त्या दिवशी त्या गावचा चालक कामावर येत नसे, आणि बाकड्यावरचा राखीव माणूस बहुधा त्याच्याच पंगतीला पाहुणा म्हणून बसलेला असे.

कँटीनच्या ठेकेदाराने बाईंना तंबी दिली होती. आता एकदा जरी उशीर झाला तरी दुसरी बाई बघतो म्हणून. त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या आत काही आल्या नाहीत.

"भावजी, एक कागद लिवून द्या की."

"कसला?"

"गाडीचा. लिवा, साहेब, एकची गाडी वेळेवर सोडा. मला कामावर जायचं असतंय."

"पुढे?"

"फुडं काय? झालं की."

मी हसलो. आठवले की कानाची पाळी आजही तापते, असे ते हसू होते. "वहिनी, अर्ज असा नसतो. असला कागद सरळ टोपलीत जातो. त्याला विषय पाहिजे, संदर्भ पाहिजे, मागण्या पाहिजेत, सह्या पाहिजेत. साहेबांसमोर शिष्टमंडळ उभे राहिले पाहिजे."

"शिष्टमंडळ कशाला, भावजी? गाडीनं मी एकटीच जाणार हाय."

आतून माझी पत्नी म्हणाली, "अवो, तिचं दोन ओळीचं काम हाय. द्या की लिवून."

"तू भाकरी बघ," मी म्हणालो.

तो अर्ज मी आठवडाभर रचला. विषयाचीच ओळ तीन ओळींची झाली. पुढे मागण्या होत्या, आणि त्यांतली चौथी माझी मला सर्वांत आवडली होती. ती अशी : 'प्रत्येक मार्गास स्वतंत्र राखीव चालक नसणे, तसेच जो आहे तो ऐन वेळी जागेवर उपलब्ध नसणे, ही बाब प्रवासी जनतेचा उपमर्द करणारी असून, सदर राखीव चालकास कोणत्याही सबबीखाली जागेवरून हलविण्यात येऊ नये.' हे वाक्य मी पत्नीला दोनदा वाचून दाखवले. तिने विचारले, "यात एकची गाडी कुठं हाय?" मी सांगितले की ती अध्याहृत आहे. तिला तो शब्द कळला नाही. खरे सांगायचे तर मलाही तो पुरता ठाऊक नव्हता.

सह्यांसाठी मी घरोघर फिरलो. वसाहतीने भरभरून सह्या दिल्या. तरीही मला वाटले, आतला साक्षीदार असल्याशिवाय अर्जाला वजन येणार नाही. समोरचा शेजारी एकच्या गाडीवर आठवडा वाटून घेणाऱ्या दोन कायम चालकांपैकी एक होता, आणि मनाने सरळ; दांड्या दुसऱ्याच्या असत. बदली कमी असल्यामुळे त्याला स्वतःला ताप आला तरी सुटी मिळत नसे. मी त्याला अंगणात गाठले.

"मंगळवारी बाराला वाहतूक अधिकारी साहेबांपुढे येऊन तेवढे सांग. तुझे नाव खराब होणार नाही, याची जबाबदारी माझी."

"सांगतो की. मला काय भ्याय लागलंय? पर मंगळवारी माझी ड्युटी हाय. साडेबाराला गाडी डेपोतनं भाईर पडती."

"तुझ्या जागी बदली असतो ना?"

"असतोय. कंट्रोलरला सांगून ठेवतो, येळ झाला तर त्येला काढू दे म्हणून."

इथवर सर्व रीतसर होते. पुढची गोष्ट माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघाली. कायमच्या चालकाची साक्ष झाली. आता मला एक अन्यायग्रस्त बदली कामगार हवा होता. अर्जात ते शब्द फार चांगले दिसत. शुक्रवारी मी डेपोबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बदली चालकाला गाठले. तरुण, हडकुळा मुलगा होता. कोडोलीकडून रोज येई. आपली ओळख कोणीतरी काढली याचेच त्याला अप्रूप वाटले.

"मंगळवारी?" तो म्हणाला. "पर मी बाकड्यावर पायजे की, वकील."

"अरे, बाकड्यावर बसून काय करतोस?"

"काय न्हाई. बसतोच."

"मग? तुला का कुठली गाडी नेमून दिलेली आहे? बसायचे ते साहेबांच्या दालनात बस. तुझ्या कायम होण्याचाही विषय काढतो."

कायम होण्याचे ऐकून त्याने मान डोलावली. चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत.

वाचणाऱ्याला हे दोन संवाद एकाखाली एक दिसतात, त्यामुळे त्यांतला अनर्थ लगेच दिसतो. मला दिसला नाही. माझ्या त्या वेळच्या यादीत एक होता साक्षीदार क्रमांक दोन आणि दुसरा क्रमांक चार, आणि मध्ये एक निवृत्त शिक्षक होते. मी चालकाला बदलीच्या भरवशावर मोकळा केला, आणि त्या बदलीलाच बाकड्यावरून उठवले. नेमून दिलेली गाडी नाही म्हणजे काम नाही, असे मी धरून चाललो. बसून राहणे हेच त्याचे काम आहे, आणि गाव त्या बसून राहण्यावर विसंबून असते, हे मी स्वतःच्या हाताने चौथ्या मागणीत लिहून ठेवले होते. लिहिले होते, वाचले नव्हते.

सोमवारी संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. शिष्टमंडळात पीडित व्यक्ती म्हणून त्या पहिल्या रांगेत हव्यात, असे सांगितले.

"न्हाई जमायचं, भावजी. मला कामाला जायचंय."

"अहो, पण तुमच्यासाठीच तर हे सर्व चालले आहे!"

"व्हय की. पर उद्याला उशीर झाला तर मला काढत्यात."

मला राग आला. साहेबांनी विचारले, पीडित कुठे आहे, तर मी काय उत्तर द्यायचे? मी तोंड वाकडे करून निघून आलो. या अर्जात माझी म्हणून जी लाज आहे, तिच्यात हे तोंड वाकडे करणेही धरावे.

मंगळवारी आम्हांला बाराची वेळ दिली होती. साहेब दुसऱ्या बैठकीत होते. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. समोरचा शेजारी सायकलवरून आला आणि माझ्याजवळ थांबला. बदली मुलगा डेपोतून उशिरा आला आणि लाजून मागच्या मंडळींच्या आड उभा राहिला. आत बोलावले तेव्हा दालन भरून गेले. पुढच्याला मागचा दिसत नव्हता.

साहेब वयस्कर, थकलेल्या चेहऱ्याचे होते. त्यांनी बसा म्हटले. खुर्च्या दोनच होत्या, म्हणून मी एकटा बसलो. मग उभा राहून वाचू लागलो. पहिली मागणी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीला मी आवाज चढवला. 'जो आहे तो ऐन वेळी जागेवर उपलब्ध नसणे' इथे पोचलो आणि टेबलावरचा फोन वाजला.

साहेबांनी हाताने मला थांबवले. "बोला. कुठली? एकची? अजून डेपोतच? ड्रायव्हर कुठं आहे मग?" थोडा वेळ ते ऐकत राहिले. "बरं. आणि बदली?"

त्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि आमच्याकडे पाहिले.

"तुमच्यात डेपोचा माणूस कोण आहे?"

माझ्या शेजारच्याने हात वर केला. मागून, माणसांच्या डोक्यांवरून, आणखी एक हडकुळा हात वर आला. पहिल्याने वळून मागे पाहिले.

"आरं, तू हितं काय करालायस?"

"मला वकिलांनी बोलावलंय की! तुमी गाडीवर न्हाई?"

"मी गाडीवर असतो तर हितं असतो व्हय रं?"

मग आमच्यातले एक म्हातारे, ज्यांना अर्जातले काहीच समजले नव्हते, त्यांना एवढे मात्र समजले. "आयला," ते म्हणाले, "गाडी अडवाय आपुनच आलोय की!"

हशा झाला. सगळे हसले, शिपाई हसला, मीही हसलो, कारण न हसणे अधिक वाईट दिसले असते. साहेब हसले नाहीत. "पळा," एवढेच ते म्हणाले. दोघेही पळाले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. मग साहेबांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, चौथी मागणी पुन्हा वाचली आणि तिच्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली. "हे बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला तो परत करता आला असता. टोमणा नव्हता.

परतताना आम्ही भजी खाल्ली आणि चहा घेतला. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, रेघ ओढली, म्हणजे काम फत्ते, असे मी सर्वांना सांगितले आणि स्वतःलाही पटवले. हशाचे तेवढे मनातून जात नव्हते. माझे हसू झाले, याचेच मला दुःख होते. एकच्या गाडीची वाट पाहत त्या वेळी कोण उभे असेल, हा विचार भजी संपेपर्यंत आमच्यापैकी एकालाही शिवला नाही.

संध्याकाळी पत्नी दळण घेऊन आली. डबा खाली ठेवताना म्हणाली, "गिरणीपाशी भेटली. गेटवरनंच माघारी लावली तिला."

"कोणाला?"

"तुमच्या पीडिताला."

मग तिने सांगितले तसे : बाई नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी थांब्यावर होत्या. गाडी आली नाही. बराच वेळ वाट पाहून त्या चालत हमरस्त्यापर्यंत गेल्या, वडाप पकडायला. वडापची जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर दोन सीटांसाठी हाका मारत राहिला. इकडे आमची गाडी धावतपळत वसाहतीत आली तेव्हा थांब्यावर कोणी नव्हते. बाई कारखान्याच्या गेटवर पोचल्या तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या बाईने कणीक भिजवली होती.

मी चप्पल घातली आणि तिसऱ्या दारात गेलो. त्या जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मुली पाढे म्हणत होत्या. मला पाहून थांबल्या. नवरा उठून बाहेर गेला.

"वहिनी, मी उद्याच कामगार कार्यालयाला अर्ज करतो. ठेकेदाराला असा सोडणार नाही."

"नको, भावजी."

"रीतसर नोटीस नाही, काही नाही. चांगला सविस्तर..."

"तुमी लिवू नका." त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. रागाने नव्हे. तापलेल्या तव्याजवळ लहान मूल गेले की त्याला जसे म्हणतात, तसे. मग मुलीला म्हणाल्या, "काकांसाठी चा ठेव गं."

मी चहा घेतला. घ्यायला नको होता.

दुसऱ्या दिवशी टेबल न मांडता मी शिरोलीला गेलो. गेटवरच्या वॉचमनने विचारले, "कोण पावणं?" आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची ओळख एका वाक्यात सांगता आली नाही. ठेकेदार स्कूटरवरून येत होता, तो थांबला. माणूस वाईट नव्हता.

"बाई चांगली हुती ओ. हात चालायचा तिचा. पर पाळी काय माझ्यासाठी थांबतीय व्हय? माणसं ताट घिऊन हुबी ऱ्हात्यात."

"काल गाडीच आली नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता."

"मग कुणाचा हुता?"

वर मोकळा ठेवलेला सामनेवाल्याचा रकाना इथे भरतो : मी स्वतः. त्यानेच पुढे सांगितले की दुसरी बाई महिन्याभरापासून गेटवर येऊन बसत होती. एक आली नाही की दुसरी आत. राखीव माणूस कसा ठेवावा हे त्याला शहरातल्या कोणापेक्षाही चांगले कळत होते. त्याची गाडी कधी चुकत नव्हती. ती कोणाच्या जिवावर चुकत नव्हती, हे मी गेटवर उभा राहून पाहिले आणि परत आलो.

यानंतरचा भाग लिहिणे अधिक अवघड आहे, कारण अर्ज मंजूर झाला. साहेबांनी आमच्या मार्गाला स्वतंत्र बदली दिला. शिवाय डेपोत नवी शिस्त लागली : बदली समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आणि दोघांनी कंट्रोलरला तोंडाने सांगितल्याशिवाय कोणत्याही चालकाने जागा सोडायची नाही. कोणाच्या गावची जत्रा कधी, हे आधीच विचारून त्या दिवशी दुसऱ्या गावचा माणूस बाकड्यावर बसवू लागले. चालक मंडळी त्या समोरासमोरच्या हजेरीला 'वकिलाची हजेरी' म्हणत. गाडी वेळेवर येऊ लागली. ऊन असो, पाऊस असो, एक म्हणजे एक.

वसाहतीने माझा सत्कार केला. समाजमंदिरात कार्यक्रम झाला. मला फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. अध्यक्ष म्हणाले की लेखणीची ताकद काय असते ते आमच्या वकिलांनी दाखवून दिले. त्या दिवशी काय घडले ते समोर बसलेल्यांपैकी कित्येकांना माहीत होते. दालनात ते माझ्याबरोबरच हसले होते. त्यांच्या लेखी तो विनोद होता आणि गाडी सुरू झाली होती. नको म्हणण्याची संधी मला होती. खिशात भाषण होते. ते मी काढले आणि वाचले. 'हा विजय माझा एकट्याचा नसून' या शब्दांनी त्याची सुरुवात होती.

जेवण पुरी-भाजीचे होते. हात धुवायला मी मागच्या बाजूला गेलो. तिथे चुलाण्याजवळ त्या बाई पुऱ्या तळत होत्या. कँटीन सुटल्यापासून त्या लोकांच्या घरी आणि समारंभात चपात्या, पुऱ्या करून देत. वसाहतीच्या समितीने त्या दिवसाला त्यांना सांगितले होते. माझ्या खांद्यावर शाल होती. घामाने त्यांचे कुंकू ओघळले होते.

"भावजी, गरम घ्या की," म्हणून त्यांनी झाऱ्यावरची पुरी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. फुगलेली होती, बोटे भाजली. उभ्याउभ्याच खाल्ली. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "छान झाली आहे." त्या पुढची पुरी सोडायला वळल्या. माझ्याकडे शब्दांचा एवढा साठा असताना त्या जागी मला हे तीनच सुचले.

पुढे साल दोन हजार उलटले. आवारात संगणकावर अर्ज करून देणारे आले. माझ्या अक्षराचे कौतुक कमी झाले. एकदा त्या बाईंना आवारात येताना मी पाहिले. हातात रेशनकार्ड होते. मी खुर्ची पुसली, कागदाला कार्बन लावला. त्या माझ्या टेबलापर्यंत आल्या, "बरं हाय न्हवं, भावजी? वैनी बरी हाय?" म्हणून विचारले, आणि पुढच्या टेबलाशी जाऊन बसल्या. पुढच्या लेखकाने विचारले, काय लिहू? त्यांनी सांगितले. दोन वाक्ये असावीत. त्याने दोन वाक्येच लिहिली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांचे काम त्याच आठवड्यात झाले, असे पत्नीकडून कळले.

बाकड्यावरचा तो मुलगा यथावकाश कायम झाला. आता एकची गाडी तोच चालवतो. मी रस्त्याने जाताना दिसलो की लांबूनच हॉर्न देतो आणि खिडकीतून हात करतो. त्याच्या मनात माझ्याविषयी केवळ कृतज्ञता आहे. बाई त्याच गाडीने शहरात जातात; तिकडे चार घरच्या चपात्या आहेत. कँटीनमध्ये पगार एका ठिकाणी मिळत असे, आता चार दारांत मागावा लागतो, एवढाच फरक असे त्या म्हणतात, असे पत्नी सांगते. मी त्या गाडीत बसत नाही. शहरात जाण्याचे काम निघालेच तर बाराच्या आधी निघतो, किंवा चालत जातो. वसाहतीला गाडी मिळवून देणारा माणूस चालत का जातो, असे मुले विचारतात. तब्येतीसाठी, असे मी सांगतो.

शाल पत्र्याच्या पेटीत आहे. डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. पत्नी दर दिवाळीला ती उन्हात टाकते आणि पुन्हा घडी करते. यंदा घडी करताना ती म्हणाली, "ही एकदा तरी पांघरा, न्हाईतर देऊन टाका कुणाला." मी विचारले, कोणाला? तिने माझ्याकडे पाहिले आणि पेटी लावली. तिची साक्ष मी कधी घेतली नाही, असे वर लिहिले आहे. ही ती साक्ष.

सबब, वसाहतीच्या समितीस नम्र विनंती की, समाजमंदिरात मला देण्यात आलेली शाल परत घेण्यात यावी. ती पुढे कोणाला द्यावी याविषयी मी सूचना करणार नाही. मी सूचना करू लागलो की काय होते ते वर आलेच आहे. समितीच्या वहीत गाडी सुरळीत झाल्याची जी नोंद आहे, तिथे माझ्या नावाऐवजी तिसऱ्या दारातील बाईंचे नाव लिहावे. गाडी प्रथम त्यांनीच मागितली. त्यांचा अर्ज मी घेतला होता आणि दाखल केला नाही. तो त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न वाढवता, आज दाखल करीत आहे :

साहेब, एकची गाडी वेळेवर सोडा. मला कामावर जायचं असतंय.

या अर्जास त्या दिवशी मिळावयाचे होते ते उत्तर अद्याप देणे आहे. ते मला पाठवू नये. समितीच्या कोणी एकाने बाईंच्या घरी स्वतः जाऊन तोंडी द्यावे, आणि त्यांचे काय म्हणणे पडते ते ऐकून घेऊन मला कळवावे. त्या दुपारी एकच्या गाडीने बाहेर पडतात, तरी त्यापूर्वी जाण्याची तजवीज व्हावी, ही विनंती.